टेम्पोवरचे आठ हजार ऐंशी

"तीन टेम्पोंवर रंगवलाय मी तो पत्ता, आनि तू सांगतोस बंद केला?"

जूचंद्रचे मंडप-डेकोरेशनवाले काका आमच्या वसईच्या ऑफिसात असे कडाडले की किल्ल्याचे उरलेसुरले बुरूजही त्या दिवशी चार बोटं खचले, हे मी आजही शपथेवर सांगतो.

लग्नाच्या तारखा घरबसल्या बुक करायची त्यांची वेबसाइट मी जावा या संगणकाच्या भाषेत लिहिली होती. चाचणीपुरता जावा सर्व्हरचा थेट पत्ता, शेवटी ८०८० लावलेला, काकांना चिठ्ठीवर लिहून दिला होता. मग त्याच्यापुढे वेब सर्व्हर उभा करायचं ठरलं. आत स्वयंपाकघर, दारात पहारेकरी. दोघांना जोडायचं कसं, यावर मी आठवडाभर केस उपटले. खास जोडणीचं मॉड्यूल वेगवान म्हणे, पण दोन्हीकडच्या आवृत्त्यांची पत्रिका जुळायला हवी, आणि इथे छत्तीसातले दोन गुणही जुळेनात. शेवटी साधी प्रॉक्सी घेतली: पहारेकरी निरोप आत नेतो, उत्तर बाहेर आणतो. काम झालं, बिनआकड्यांचा पत्ता चालू झाला, आणि मी अतिशहाणपणाने, काकांना न सांगता, ८०८०चं मागचं दार बंद केलं.

त्याच आठवड्यात दसरा होता. काकांनी शिरस्त्याप्रमाणे टेम्पो नव्याने रंगवले आणि चिठ्ठीतला पत्ता आकड्यांसकट, हाताएवढ्या अक्षरांत पाठीवर चढवला. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. तो पत्ता उघडत नव्हता आणि एकही तारीख लागत नव्हती.

मी चाचरत म्हटलं, आकडे तेवढे पुसून घेऊ. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या कुलदैवताच्या मूर्तीचं नाक तासायला काढलं होतं. पूजा झालेल्या गाडीला पुढच्या दसऱ्यापर्यंत खरवडत नाहीत, एवढं ते शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाने मला जास्त घाम फुटला.

मग मीच वाकलो. जावा सर्व्हरला आतली दुसरी खोली, म्हणजे दुसरा आकडा, दिला आणि ८०८०च्या दारातही तोच पहारेकरी उभा केला. प्रॉक्सी बिचारी हूं की चूं न करता राबली. तुळशीच्या लग्नापर्यंत काकांच्या तारखा अशा भरल्या की, माझा अंदाज, निम्म्या विरारची लग्नं त्या मागच्या दारानेच लागली.

वर्षाने मी भीत भीत विचारलं, काका, या दसऱ्याला तरी आकडे काढाल ना?

"बघू. आकडा लाभलाय."