विहिरीपाशी थांबलेले बूट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो गेला, त्यालाही आता सात वर्षं झाली. मुलीला नाही. आणि असल्या गोष्टी ऐकायलाच चर्चमध्ये जी जाळीची लाकडी खिडकी असते, तिच्यापलीकडच्या फादरांना तर मुळीच नाही. पन्नास वर्षं मी त्या खिडकीशी गुडघे टेकतेय. खोटं बोलले, संतापले, शेजारणीचं वाईट चिंतलं — ही असली किरकोळ पापं नेमानं सांगत आले. हे एक मात्र दर वेळी जिभेच्या टोकापर्यंत यायचं आणि माघारी जायचं.

मग तुम्हालाच का सांगतेय? खरं सांगू — तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. आणि तुम्हाला माझा.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी चौदा वर्षांची, शेवगावच्या पुढे एका कोरड्याठाक गावात सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये. माझं घर कोपरगावकडे, पाटाच्या पाण्याच्या मुलखात. आई त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेली होती. वडील प्राथमिक शाळेत मास्तर; दुसऱ्यांच्या चाळीस पोरांना सांभाळायचे, पण घरातल्या एका मुलीचं काय करायचं ते त्यांना उमजेना. कुणाच्या तरी ओळखीनं, दोन एसट्या बदलून त्यांनी मला इथे आणून सोडलं. जाताना म्हणाले, “नीट राहा.” आमच्या घरात तेवढंच बोलायची पद्धत होती. आई होती तोवर ती बोलायची आणि आम्ही दोघं ऐकायचो.

बोर्डिंगमध्ये गाईडचं पथक होतं. निळा झगा, गळ्यात स्कार्फ, आणि माझ्या पायात परदेशी पार्सलातून आलेले कॅनव्हासचे बूट — एक माप मोठे, उजव्याचा तळ सुटलेला. चालले की फट-फट वाजायचे. मुली हसायच्या, मग मी आणखी जोरात पाय आपटायचे. तोऱ्याची म्हणून माझी ख्यातीच होती.

आमच्या कॅप्टन म्हणजे गोव्याच्या एक सिस्टर. त्यांच्या मराठीत जगातल्या सगळ्या वस्तू पुल्लिंगी होत्या. गाठी मारायला, तंबू ठोकायला, जखम बांधायला त्या शिकवायच्या आणि त्याच तासात धर्मशिक्षणही उरकायच्या. त्यांच्या लेखी दोन्ही एकच. सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही स्कार्फच्या टोकाला एक लहानशी गाठ मारायची. दिवसभरात एक सत्कृत्य झालं की ती सोडायची. काय केलं ते सांगायचं नाही, मिरवायचं नाही. संध्याकाळची घंटा झाली की रांगेत उभं राहायचं आणि सिस्टर एक नजर फिरवत जायच्या. कुणाची गाठ राहिली असली तर रागवायच्या नाहीत, आणि सुटलेली असली तर कशी सुटली ते विचारायच्या नाहीत. चौदा वर्षांच्या पोरींवर इतका भरवसा कुणी टाकतं का? त्या टाकायच्या.

त्या वर्षी प्रायश्चित्तकाळात — ईस्टरच्या आधीचे आमचे उपासाचे चाळीस दिवस — त्यांनी एक योजना काढली. गावातली धडधाकट माणसं सकाळीच दुष्काळी कामावर जायची. कुणी तलाव खोदायला, कुणी खडी फोडायला. ख्रिस्ती आळीत मागे उरायची ती म्हातारी माणसं. म्हणून प्रत्येक मुलीला एकेक घर वाटून दिलं. शाळा सकाळची. दुपारी त्या घरी जायचं, त्या माणसाजवळ बसायचं, जपमाळ म्हणायची आणि परत यायचं. चाळीस दिवस हेच सत्कृत्य. ज्या मुलीची एकही गाठ राहणार नाही, तिला ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी बॅज मिळणार, निळ्या कापडावर पांढरा क्रूस. आणि तो लावायला तिच्या घरच्यांना बोलावणार.

घरच्यांना बोलावणार — मला बाकी काही ऐकूच आलं नाही.

माझ्या वाट्याला सगुणाआजी आली. सत्तरीची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, आळीच्या अगदी टोकाच्या घरात. मुलगा-सून कामावर गेलेले. सून जाताना भाकरी आणि पाण्याची कळशी हाताशी ठेवून जायची, म्हणजे खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. आबाळ होती ती माणसाची. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते — आमची जपमाळ दोघांनी म्हणायची असते. एकानं ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग म्हणून थांबायचं, दुसऱ्यानं ‘पवित्र मारिये’पासून उरलेला म्हणायचा. मग पुढचा मणी. एकट्यानं म्हणता येत नाही असं नाही, मीही आता एकटीच म्हणते. पण आजीला ते जमायचं नाही. “येकटीनं म्हनलं का मनी फुडं सरकत न्हाई बघ,” म्हणायची. “आर्ध्यात थांबायची सवं हाय ना जिभंला.” नवरा होता तोवर दुसरा अर्धा भाग त्याचा होता.

मी गेले. सुरुवातीला खरंच गेले. आजी आधी हातानं माझा चेहरा चाचपायची. कपाळ, नाक, हनुवटी. “बघू दे, आज कशी दिसतीस.” तिच्या बोटांना मिश्रीचा वास यायचा आणि माझ्या गालांवर नुकत्याच पुटकुळ्या उठल्या होत्या. मला शिसारी यायची. पण बॅज डोळ्यांसमोर ठेवून मी ताठ बसून राहायचे.

सहाव्या दिवशी वडिलांचं पोस्टकार्ड आलं. सर्व क्षेम आहे, अभ्यास करावा. दीड ओळ. मी धुण्याच्या दगडामागे जाऊन रडले, तोंड पुसलं आणि नेहमीसारखी फट-फट करत आजीकडे गेले. बोर्डिंगमधल्या तीस मुलींपैकी एकीलाही कळलं नव्हतं. आजीची बोटं गालावर आली आणि तिथेच थांबली.

“रडलीस व्हय गं?” आणि मग — “आय न्हाई का तुला?”

मी तिचा हात झटकला. माळ अर्धी टाकून उठले. आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाही.

कीव येतेय का माझी? येऊ देऊ नका. आईवेगळी पोर, घाबरली बिचारी — असं मीही स्वतःला पुष्कळ वर्षं सांगून पाहिलं. घाबरले, यात काही वावगं नव्हतं. सिस्टरांना ‘मला दुसरं घर द्या’ म्हणता आलं असतं, त्यांनी दिलंही असतं. मी म्हटलं नाही. कारण तेवढ्यात एखाद-दुसरी गाठ राहून गेली असती, आणि मग वडील आले नसते.

त्यापेक्षा मी काय केलं ते ऐका. रोज दुपारी वेळेवर निघायचे. आळीच्या अलीकडे एक आटलेली विहीर होती. तिच्या दगडी थारोळ्यावर — मोटेचं पाणी पडायचं ना, त्यावर — जाऊन बसायचे. अर्धा-पाऊण तास खडे झेलत काढायचे. मग स्कार्फची गाठ सोडायची आणि परत फिरायचं. महिनाभर. थारोळ्यावरून आजीचं दार समोर दिसायचं. ती उंबऱ्यात येऊन बसायची, माळ मांडीवर. रस्त्यानं कुणी गेलं की तोंड तिकडे वळवायची, शेळी गेली तरी. मी ते बघायचे. तोंड फिरवून बसले असंसुद्धा नाही. ती तिथे एकटी, मी इथे एकटी, मधे फार तर शंभर पावलं. उठून जायला काय होत होतं मला?

माझ्या शेजारच्या खाटेवर फिलोमिना असायची. तिच्या वाट्याचा म्हातारा महाखट, लहर फिरली की दार लावून घ्यायचा. मग ती गाठ तशीच घेऊन संध्याकाळी रांगेत उभी राहायची. नऊ संध्याकाळी राहिली. मी एकदा तिला म्हटलं, “वेडी आहेस का? सोड की. कोण बघायला येतंय?” ती नुसती माझ्या स्कार्फकडे बघत राहिली.

बॅज मला मिळाला. वडील आले. फाटकापाशीच घुटमळत होते, सिस्टरांनी हाताला धरून पुढे आणलं. बॅज लावताना टाचणी मला टोचली. “तुझ्या आईला बरं वाटलं असतं,” म्हणाले. एवढं बोलून तीनच्या एसटीनं गेले. टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यांत पुढे फिलोमिना होती, आणि ती मनापासून वाजवत होती. तो बॅज अजून माझ्याकडे आहे. बटणांच्या डब्यात, तळाशी.

मेच्या सुट्टीत मी घरी गेले. जूनमध्ये परत आले तेव्हा सगुणाआजी नव्हती. संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा कळलं म्हणे. दुपारीच कधीतरी गेली असावी. ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ — दुसऱ्या अर्ध्या भागात हे शब्द येतात. दुपारी तिच्याजवळ ते म्हणायला कोण असणार?

झालं, बोललीस एकदाची — असं तुम्ही म्हणाल. पण नाही. एवढं तर मी त्या खिडकीशीही सांगू शकले असते. पोरवयातली लबाडी, फादरांनी चार प्रार्थना सांगितल्या असत्या आणि मी पदर झटकून उठले असते. मधली एक दुपार मी तुमच्यापासूनही आत्तापर्यंत लपवून ठेवली. ईस्टरच्या आदल्या शनिवारची. चाळिसावा दिवस.

त्या दुपारी सिस्टर घरोघर निघाल्या. म्हाताऱ्यांना सणासाठी गूळ-शेंगदाण्यांची पुडी द्यायची आणि जाता जाता मुलींबद्दल विचारायचं. आजीच्या घरी जाताना मला बरोबर घेतलं. माझ्या पायांतले ते बूट — त्या दिवशी ते गावभर ऐकू जातायत असं वाटत होतं. आजी उंबऱ्यातच होती.

“आजी, हा मुलगी रोज आला ना तुमच्याकडे?” सिस्टरांनी विचारलं.

आजीनं तोंड वळवलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, खाली, पायांकडे. “येती की,” म्हणाली. “रोज येती. येक दीस चुकली न्हाई. तिच्या बुटाचा आवाज मी लांबनं वळखते.”

सिस्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या घरात गेल्या. आम्ही दोघीच उरलो. मी जायला वळले, तशी ती हळू आवाजात म्हणाली, “त्या थारोळ्यावर ऊन लई लागत आसंल, न्हाई?”

तिला सगळं ठाऊक होतं. रोज दुपारी बूट फट-फट करत विहिरीपर्यंत येतात, तिथे थांबतात आणि पाऊण तासानं माघारी जातात — ते ती रोज ऐकत होती. ती उंबऱ्यात येऊन बसायची ते मी तिथून उठून पुढे येईन म्हणून. तरी तिनं मला उघडं पाडलं नाही. बोल लावला नाही. मांडीवरची माळ चाचपली आणि म्हणाली, “आता आलीच हायेस तर बस घडीभर. सगळी नगं, धाच मनी म्हनू.”

दहा मणी. पाच मिनिटांचं काम. आणि मी म्हटलं, “सिस्टर बोलावतायत.”

कुणीही बोलावत नव्हतं. पलीकडच्या घरातून सिस्टरांचं हसणं ऐकू येत होतं, आणि आजीचे कान माझ्याहून तिखट होते. “बरं,” ती म्हणाली. “जा मंग.”

मी घराला वळसा घालून कुडाच्या भिंतीआड आले. आणि — का ते आजही सांगता येत नाही — थांबले. बुटांचा आवाज थांबला. पलीकडे आजीनं सुरुवात केली. नमो मारिया. सावकाश, आवाज जरा चढवून, भिंतीच्या अलीकडे ऐकू येईल असा. अर्ध्यावर आली आणि थांबली.

माझ्यासाठी थांबली. दुसरा अर्धा भाग मला पाठ होता, झोपेतून उठवलं असतं तरी म्हटला असता. चेहरा दाखवायचा नव्हता, हात लावू द्यायचा नव्हता, शेजारी बसायचंसुद्धा नव्हतं. भिंतीआडून नुसतं तोंड उघडलं असतं तरी तिचा मणी पुढे सरकला असता.

मी खाली वाकले. आवाज न करता बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट हातात घेतले आणि तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी, चवड्यांवर चालत निघून गेले. मी गेले हे तिला कळू नये म्हणून. तिच्या लेखी मी अजून तिथेच होते, भिंतीला टेकून, म्हणू की नको करत.

विहिरीपाशी पोचल्यावर मागे बघितलं. ती उंबऱ्यात तशीच होती, कान भिंतीकडे, बोटं त्याच मण्यावर.

मी थारोळ्यावर बसून बूट घातले आणि स्कार्फची गाठ सोडली.