ओंगारमधलं हरवलेलं कार्ड

पोलिसातल्या नोकरीच्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळतात, पण निवृत्तीनंतरची एक घटना आजही लख्ख आठवते. २०२०च्या टाळेबंदीत मी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळ ओंगारला मुलीकडे अडकलो होतो. शेजारी दोन मराठी इंजिनियर राहत. एका सकाळी त्यांतला एक आला.

"काका, माझं कार्ड गायब झालंय. रूममेटनंच दडवलंय."

परदेशी रहिवाशांना इथे चिपवालं ओळखपत्र मिळतं. त्याशिवाय देशाबाहेर गेलं तर परत येणं मुश्कील. याचे वडील नाशिकला आयसीयूत होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान होतं. कार्डाचं पाकीट घरी पोचल्याची नोंद होती, हातात मात्र काही नाही.

"त्याच्यावरच संशय का?"

"तो म्हणत होता, जाऊ नकोस, व्हायरस घेऊन येशील. त्याची आई आहे ना घरात."

हेतूही होता, संधीही होती. पूर्वी एवढ्यावर मी माणसाला ठाण्यात बसवून ठेवला असता. इथे मास्क लावून गेलो आणि रूममेटला मागच्या अंगणात घेतलं.

"घेतलंस?"

"नाही काका. जाऊ नको म्हणालो, हे खरं. पण बाबा आहेत हो त्याचे."

खोटं बोलणारा बहुधा माझ्याकडेच टक लावून बघतो. हा सारखा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होता, आणि आई तिथे दिसली की इंग्रजीत शिरत होता. मला कुतूहल वाटलं.

"आईपासून काय लपवतोयस?"

"आमचं भांडण. आणि त्याच्या बाबांचं. टेन्शन घेऊन ती जेवणार नाही. म्हणून सगळं इंग्लिशमध्येच चाललंय."

म्हणजे घरातल्या तिसऱ्या माणसाला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी आत गेलो.

"वहिनी, टपाल आलं होतं का?"

"आलंया की. फोडलं तर त्या पोराचा फोटू. चांगल्या कामाची वस्तू, म्हून देवाम्होरं ठिवली. आज अवस हाय, उद्या देणार हुते."

अमावस्येला चांगली वस्तू द्यायची नाही, एवढाच तिचा हिशेब. वरच्या कपाटात, ज्याला इथे प्रेस म्हणतात, देव मांडले होते. त्यांच्यापुढे कार्ड, कोपऱ्याला कुंकू लावलेलं.

मी दोघांना आत बोलावून तिला सगळं सांगितलं, चोरीच्या आरोपासकट. तिनं कार्ड काढून आरोप करणाऱ्या त्या पोराच्या हातात दिलं.

"अवस ऱ्हाऊ दे. वडलास्नी भेट. आन परत हितंच यायचं, आमच्याकडं."

वडील गेले, पण मुलाशी बोलून गेले. तो परतल्यावर विलगीकरणात, खोलीत एकटा राहिला, तेव्हा दाराशी ताट तीच ठेवायची.

चौकशी करताना, घरात ज्या माणसाला सगळे जपतात त्यालाच मी आता आधी गाठतो. लपवाछपवी त्याच्याभोवतीच चालते. कार्डावरचं कुंकू त्या मुलानं पुसलेलं नाही. आणि त्या घरातली भांडणं आता मराठीत होतात.