आर्डिसचे उन्हाळी टायर

आर्डिस नायगार्डनं उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश वाढलं, नवऱ्याची तपकिरी स्टेशन वॅगन निमूटपणे चालवली, आणि नवरा गेल्यावर साठी उलटल्यावर एक दिवस उठून दोघांपुरती, निळीशार, बुटकी स्पोर्ट्स कार घेऊन आली. अमेरिकेच्या पार उत्तरेच्या डुलूथसारख्या गावात! जिथे रस्ते डोंगरावरून सरळ तळ्याकडे धावतात आणि बर्फ एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकून असतं. नणंद इर्मानं कपाळाला हात लावला.

टायर रुंद, देखणे, निव्वळ उन्हाळ्यासाठी केलेले. जूनमध्ये तळ्याकाठच्या वळणांवर गाडी अशी पळायची की आर्डिस मोठ्यानं गायला लागायची. पण थंडी पडली की असल्या टायरचं रबर लाकडासारखं कडक होतं आणि बर्फावर पकड म्हणून राहत नाही. ऑक्टोबरात सगळं गाव टायर बदलून घेतं. आर्डिसनं बदलले नाहीत. पहिल्या बर्फाला रडशील, असं इर्मा म्हणाली होती ना, मग बाई कसली ऐकते! हळू चालवीन, म्हणाली.

खरं कारण वेगळंच होतं. खाली तळ्याजवळ व्हर्नर सालो राहायचा. विधुर, अबोल, हाडाचा सज्जन. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तो तिला म्हणाला होता, की गाडी हिवाळाभर माझ्या गॅरेजात ठेव, तुला जायचं तिथे मी ट्रकमधून नेईन. आता आमच्या गावात कुणी कुणाला अख्खा हिवाळा ट्रकमधून नेतो म्हणालं, की ती लग्नाची मागणीच समजायची. आर्डिसला मनातून नुसत्या उकळ्या फुटल्या. तोंडानं म्हणाली, "नको रे, तुला कशाला त्रास."

तिचं काही चुकलं नाही. आमच्याकडे पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट. केकचा तुकडा असो की नवरा, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा आढेवेढे घेत घ्यायचं. व्हर्नरनं पुन्हा विचारलं, ती पुन्हा नको म्हणाली आणि तिसऱ्या खेपेची वाट बघत बसली. टायर बदलले असते तर त्याला विचारायला निमित्तच उरलं नसतं. व्हर्नरनं तिसऱ्यांदा तिच्या फोनवर निरोप ठेवला. आर्डिसनं तो ऐकला आणि धरलाच नाही. फोनवरचं विचारणं हे काय विचारणं झालं? व्हर्नरनं मात्र ते धरलं. तीनदा विचारून हो नाही, म्हणजे नाहीच, असं समजून तो गप्प झाला.

डिसेंबरातल्या एका सकाळी इर्मा फोनवर सहज बोलून गेली, की व्हर्नर आज ॲरिझोनाला लेकीकडे निघालाय, कायमचा, घरही विकायला काढलंय.

आर्डिसनं व्हर्नरला फोन लावला, तो उचलेना. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. तिनं कोट अंगावर टाकला, हाताला लागले ते चर्चला घालायचे पातळ बूट चढवले आणि गाडी काढली.

उतारावर तिनं ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती आधी आडवी झाली, मग पाठमोरी, आणि अगदी सावकाश, थाटामाटात कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. आर्डिसनं कितीही जोर लावला तरी चाकं जागच्या जागी गरगरत राहिली. शेवटी स्टिअरिंगवर डोकं टेकून ती रडली. इर्मा बघायला नव्हती, एवढंच बरं.

खालून सामानानं भरलेला एक ट्रक चढत आला. अडकलेली गाडी बघून आमच्याकडे कुणी तसंच पुढे जात नाही, ॲरिझोनाला निघालेला माणूससुद्धा. व्हर्नर फावडं आणि वाळूची पिशवी घेऊन उतरला. टायरांकडे बघूनही तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही.

"ढकलून देऊ?" त्यानं विचारलं.

आर्डिस दार उघडून गुडघाभर बर्फात उतरली. "गाडी राहू दे. तू जाऊ नकोस, व्हर्नर. माझ्याकडे राहा."

व्हर्नरचे कान लाल झाले. "नको गं, तुला कशाला त्रास."

हे नको म्हणजे खरंच नको, की आपलं नेहमीचं नको? विचारणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो, हे आर्डिसला आज कळलं. बिचाऱ्यानं हे किती सोसलं असेल!

"त्रास कसला? मला तू हवा आहेस."

"आता सामानही भरलंय. उगाच तुझी अडचण."

बूट भिजून पायांना कळ लागली होती, नाक वाहत होतं. मागे एक गाडी येऊन थांबली होती आणि आतली माणसं सभ्यपणे दुसरीकडे बघत होती. पुन्हा विचारायचा आर्डिसला धीर होईना. आता नको आलं, की संपलं. तिनं त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

"व्हर्नर सालो, राहतोस का?"

त्यानं ट्रककडे पाहिलं, खाली तळ्याकडे पाहिलं, घसा साफ केला.

"बरं," तो म्हणाला, "आता तू एवढं म्हणतेच आहेस तर."