छपराच्या मापानं

लोहाऱ्यात महादेवाच्या देवळामागून जी गल्ली ओढ्याकडं उतरत जाते, तिथली निम्मी घरं शिवप्पा गवंड्यानं बांधलेली. आता तो सत्तरीला टेकला होता, गुडघे कामातनं गेले होते, पण नजर तशीच शाबूत. ओळंबा न सोडताही भिंत कुठं झुकली ते सांगायचा. त्याचं स्वतःचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला, म्हणजे पावसाच्या पाण्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

देणंघेणं होतं ते खालच्या विठाबाईचं. एकटी बाई, ब्लाउज शिवून पोट भरायची. त्या भादव्यात एका दुपारी तासभर पाऊस कोसळला आणि सगळ्या गल्लीचं पाणी तिच्या घरात शिरलं. शिलाई मशीनची मोटर बुडाली, लोकांचे शिवायला आलेले कपडे चिखलात गेले. तिनं रडारड केली नाही. दुसऱ्या दिवशी ते कपडे धुऊन, वाळवून घरोघर परत दिले, एवढंच.

मग रविवारी देवळाच्या कट्ट्यावर बैठक भरली. पावसाच्या पाण्यासाठी ओढ्यापर्यंत मोठी गटार काढायची, यावर सगळ्यांचं एकमत. पैसा कुणी घालायचा, इथं गाडी अडली. प्लॉट खाजगी, त्यामुळं खर्च रहिवाशांनीच करायचा, असं नगरपंचायतीच्या कचेरीतून कळलं होतं. खालचे म्हणत होते, घरटी सारखी वर्गणी काढा. वरचे म्हणत होते, ज्याच्या घरात पाणी, त्यानं बघावं. भुसार माल घेणारे चन्नबसप्पा शेठ, ज्यांचं गोदाम गल्लीत सगळ्यांत मोठं, ते शांतपणे म्हणाले की आपल्या उंबऱ्याला आजवर थेंब लागलेला नाही. बैठक मोडली. शिवप्पा तिथंच बसून सगळं ऐकत होता.

घरी येऊन त्यानं ताट बाजूला सारलं. बायको उमादेवीनं कारण विचारलं, तेव्हा म्हणाला, "शेठच्या गोदामाच्या मागं ओघळ व्हता. पाणी तिथनं सरळ ओढ्याला जायचं. गोदाम बांधताना राडारोडा टाकून तो म्याच बुजवला."

उमादेवीनं ताट परत त्याच्यापुढं सरकवलं. मग म्हणाली, "मंग हे मला काय सांगताव? कट्ट्यावर सांगा."

दुसऱ्या दिवसापासून शिवप्पा फीत घेऊन गल्लीत फिरू लागला. एकेका घराची लांबी-रुंदी बाहेरूनच मापायचा आणि नातीच्या जुन्या वहीत लिहायचा. चार पावलं चाललं की भिंतीला टेकून उभा राहायचा. म्हाताऱ्याला चळ लागला, असं लोक म्हणाले. त्यानं मनावर घेतलं नाही. सहा दिवसांत गल्ली पुरी केली.

पुढच्या रविवारी तो कट्ट्यावर उभा राहिला. आधी ओघळाची गोष्ट सांगितली, काही न लपवता. मग म्हणाला, "पाणी विठाबाईच्या घरात जातंय, पर येतंय आपल्या छपरांवरनं. ज्याचं छप्पर जेवढं, तेवढा त्याचा वाटा. माझा वाटा मी दुप्पट देतो. आन् गवंडीकामाची मजुरी घेणार न्हाय."

चन्नबसप्पांचा चेहरा उतरला. सगळ्यांत मोठं छप्पर त्यांचंच. ते म्हणाले, "ओघळ बुजव म्हणून मी सांगितलं व्हतं का तुला?"

"न्हाय, शेठ. राडारोडा कुठं टाकू म्हणून म्या विचारलं, तुमी म्हणलाव जवळच टाक. जवळ म्हंजी कुठं, ते म्या ठरिवलं. मला लांब वाहायचा कंटाळा आला व्हता."

शेठ भांडायच्या तयारीनं उठले होते. पण समोरच्यानं सगळा दोष आपल्याच डोक्यावर घेतल्यावर भांडायचं कुणाशी? ते तसेच निघून गेले.

तीन दिवसांनी सकाळीच शिवप्पाच्या दारात हजर. गोदामाचं माप जास्त धरलंय, म्हणाले, परत मोजायचं. शिवप्पानं फीत उचलली. एक टोक शेठच्या हातात, एक त्याच्या. मोजलं, तर आधीच्यापेक्षा दोन फूट जास्तच भरलं. शेठ क्षणभर फितीकडं बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. म्हणाले, "पहिलंच लिही बाबा." त्याच दिवशी त्यांनी वाटा दिला. शेठनं दिल्यावर बाकीच्यांना मागं राहायला तोंड उरलं नाही.

एकटा मधल्या घराचा योगीराज तेवढा अडून बसला. त्याच्या छपराच्या पाण्याचा पाइप गटारीला जोडायचा नाही, असं गल्लीनं ठरवलं. शिवप्पानं मात्र उपड्या घमेल्यावर बसून, कामगाराकडून त्याचाही पाइप जोडून घेतला. लोकांनी जाब विचारला. तो म्हणाला, "पाणी काय पावती बघून उतरतंय व्हय? त्याचं पाणी सोडलं तर परत विठाबाईकडंच जाणार." योगीराजनं पुढंही पैसे दिले नाहीत. पण खोदकामाचे शेवटचे दोन दिवस तो स्वतःहून टिकाव घेऊन आला.

दसऱ्याच्या आधी परतीचा पाऊस धो धो पडला. उमादेवी नको म्हणत असताना शिवप्पा छत्री घेऊन निघाला. गटारीच्या दर झाकणापाशी थांबून खालचा आवाज ऐकायचा, मग पुढं सरकायचा. विठाबाईच्या दारासमोरची फरशी नुसती ओली होती. आत मशीन चालू होती. नवी मोटर तिनं हप्त्यानं घेतली होती. तिनं मान वर करून बघितलं आणि चहाला बोलावलं. तो म्हणाला, येतो, आधी ओढा बघून येतो.

ओढ्याच्या तोंडाशी पाणी लाल होऊन उसळत होतं. गटारीच्या शेवटच्या सांध्यातून मात्र बारीक धार बाजूला झिरपत होती. त्यानं वाकून तिथं बोट लावलं, स्वतःशीच चुकचुकला, आणि सकाळी किती सिमेंट लागेल याचा अंदाज करत चहाला वळला.