बारसं न झालेलं इंजिन

"मॅडम, तुमचं इंजिन परत घेऊन जावा," संतोष फोनवर म्हणाला. "आणि येताना कुणाला तरी बरोबर आणा. एकट्या येऊ नका."

पहिलं वाक्य मला कळलं. नवा माल आहे, बिघडू शकतो. दुसरं कळेना. आमचं इंजिन वीतभर लांबीचं. एका हातात मावतं. त्याला दोन माणसं कशाला लागतात?

"बिघाड काय आहे?"

"बिघाड काही नाही. ते चांगलं पळतंय. पण त्याच्यामुळं दुसरंच चालायला लागतं."

"दुसरं कुठलं?"

"बाबांचं," तो म्हणाला.

मी सांगलीत मॉडेल रेल्वेचं काम करते. खऱ्या गाडीची हुबेहूब लहान प्रतिकृती, टेबलावर रुळ टाकून चालवायची. याला खेळणं म्हटलं की मला राग येतो, कारण एकेका इंजिनात दुचाकीपेक्षा जास्त वायरिंग असतं. पूर्वी मी एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होते. तिथल्या साहेबांशी पटेना म्हणून सोडलं. आता रफिकभाईंच्या वर्कशॉपमध्ये आहे. बॉडी, चाकं, रंग हे रफिकभाईंचं काम. मोटर, दिवे, आवाज हे माझं. ग्राहकाच्या घरी जाऊन शिव्या खाणं हेही माझंच.

पुढचं समजायला एक गोष्ट माहीत हवी. आमच्या रुळांतून नुसती वीज जात नाही, तिच्याबरोबर हुकूमही जातो. प्रत्येक इंजिनात एक चिप असते आणि तिला एक नंबर असतो. कंट्रोलरवर तुम्ही सात नंबर लावून बटण फिरवलंत की टेबलावरची सगळी इंजिनं तो हुकूम ऐकतात, पण हलतं फक्त सात नंबरचं. नवी चिप कारखान्यातून तीन नंबरवर येते. जगात कुठंही घ्या, तीनच. मग घेणाऱ्याने आपल्याला हवा तो नंबर द्यायचा. रफिकभाईंचा नियम असा की दुकानात नंबर द्यायचा नाही. "मूल ज्याचं, नाव त्यानं ठेवायचं," ते म्हणतात.

दिनकरकाकांनी हे फारच मनावर घेतलं होतं. काका निवृत्त लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर. पुणे-मिरज मार्गावर उभी हयात डिझेल चालवलेली. गाव ताकारीच्या जवळ, रुळांना लागून. निवृत्तीनंतर माडीवर त्यांनी तोच टापू टेबलावर उभा केला: स्टेशन, उसाची रानं, इंजिनांची शेड, आणि एका कडेला स्वतःचं घर. घराच्या फाटकात नखाएवढ्या शालनकाकू उभ्या. आमच्याकडून नवं इंजिन गेलं की काका त्याचं बारसं करायचे. नारळ, कुंकू, शेजाऱ्यांना घुगऱ्या. मग वाकून इंजिनाच्या खिडकीपाशी तोंड नेत नंबर सांगायचे आणि 'कुर्र' करायचे. नंबरही ठरलेला. बॉडीवर जो रंगवला असेल त्याचे शेवटचे आकडे. यात कधी चूक नाही.

त्यातलं पहिलं डिझेल त्यांचं लाडकं. शेवटच्या ड्यूटीला त्यांच्या असिस्टंटने मोबाइलवर हॉर्न रेकॉर्ड केला होता, तो मीच त्या चिपमध्ये भरला. आधी एक लांब, मग विसरल्यासारखा एक अगदी छोटा. गावावरून जाताना काका तसा द्यायचे. म्हणजे काकूंनी समजायचं की गाडी मिरजेत लावून घरी येतोय, चहाचं बघ.

मार्गावर वीज आली तेव्हा काकांनी इलेक्ट्रिक इंजिनाची ऑर्डर दिली. रफिकभाईंना बॉडी करायला वेळ लागला, तेवढ्यात काका आजारी पडले आणि गेले. इंजिन मी नंतर नेऊन दिलं. घर सुतकातून नुकतं उठलेलं. कुणी खोकं उघडलं नाही, मीही आग्रह केला नाही.

मी एकटीच गेले. भुताखेतांच्या गोष्टींना मी लहानपणापासून हसत आले आहे, म्हणून तर गेले. दुपार कलत होती. कारखान्याचा हंगाम चालू होता आणि मळीचा वास अगदी घरात येऊन बसला होता. काकांचा मुलगा संतोष फाटकातच उभा होता. तो साताऱ्याला नोकरीला असतो.

"आईला साताऱ्याला न्यायचं सगळं ठरलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "ती तयार होती. जाण्याआधी म्हटलं बाबांचं नवं इंजिन एकदा चालवून बघू. तवापासून ती हलायला तयार नाही. म्हणते, हे घरात असताना मी जायचं कसं. मॅडम, तिच्यासमोर सांगा की वायरचा फॉल्ट आहे. एवढंच करा. टेबल मी रविवारी उतरवणार आहे."

माडीवर काकू टेबलाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या, बरोबर त्या छोट्या घराच्या बाजूला. मला बघून हसल्या.

"आलीस व्हय गं रूपा? बस. आत्ता दावतो तुला संतोष."

नवं इंजिन स्टेशनात उभं होतं. संतोषने कंट्रोलरवर तीन नंबर लावला आणि बटण थोडं फिरवलं. इंजिन निघालं. छान निघालं. रुळावर ना धक्का, ना किरकिर. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"थांबा जरा," संतोष म्हणाला.

शेड टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती, दारं लावलेली. दारांच्या फटीत पिवळा उजेड दिसायला लागला. आधी मला वाटलं, खिडकीतलं ऊन. मग दारं आतून ढकलली गेली. काकांचं डिझेल सावकाश, अगदी माणूस चालेल त्या चालीनं बाहेर आलं. नवं इंजिन मुख्य मार्गावर गोल फिरतच होतं. डिझेल त्याच्या वाटेत न येता शेडपासून घराकडे जाणाऱ्या वेगळ्या रुळाला लागलं आणि त्याने हॉर्न दिला. एक लांब, एक छोटा.

काकू उठल्या. "च्या टाकते," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

डिझेल त्या छोट्या घराच्या फाटकापाशी आलं आणि थांबलं. दिवा मालवला. आवाजही बंद. संतोषचा हात बटणावर होता, पण त्याने ते फिरवलं नव्हतं. नवं इंजिन अजून पळत होतं.

"रोज?" मी विचारलं.

"चालवलं की दर वेळी. मग मी ते उचलून शेडमध्ये ठेवतो. हात लावायला नको वाटतं, मॅडम. गरम असतं."

मोटर चालली की इंजिन गरम होणारच, हे मला ठाऊक होतं. तरी मी लगेच हात लावला नाही.

काकू चहा घेऊन आल्या. आम्ही तिघं होतो आणि ताटात कप चार होते.

मी गच्चीत जाऊन रफिकभाईंना फोन लावला.

"रफिकभाई, तीन नंबरवर दोन इंजिनं उठतायत."

"मग झालं की. जुनं पण तीनवर असणार."

"दिनकरकाकांचं इंजिन? तीनवर?"

"ते नाही व्हायचं," रफिकभाई म्हणाले. "शॉर्ट झाला असंल एखादा. चिप धुऊन निघाली असंल. वाचून बघा."

शॉर्ट सर्किटने चिप कधीकधी सगळं विसरते आणि कारखान्यातल्यासारखी कोरी होते, पुन्हा तीनवर. मला हायसं वाटलं. संतोषला हवा होता तो वायरचा फॉल्ट हाच. मी माझा छोटा तपासणीचा रुळ काढला, डिझेल त्यावर ठेवलं आणि चिप वाचायला घेतली. नंबर तीन निघाला. वाटलं तेच.

मग बाकीचं वाचलं. सावकाश निघण्याची सेटिंग काकांनी ठेवली होती तशीच. म्हणून तर नवं निघाल्यावर कितीतरी वेळाने जुनं निघतं. दिवा त्यांना मंद आवडायचा, तसाच मंद. निघाल्यावर हॉर्न आपोआप वाजावा ही सेटिंगही होती, आणि आवाज त्यांनी ठेवला होता तेवढाच. चिप काही विसरली नव्हती. फक्त नंबर बदललेला होता. शॉर्ट सर्किट असं निवडून काही पुसत नाही. हे माणसाच्या हाताने होतं, कंट्रोलर समोर ठेवून, एकेक बटण दाबून.

माझ्या मानेवर काटा आला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. घरासमोरच्या रुळाला बारीक करवतीने दोन्हीकडे काप दिला होता. मधल्या तुकड्याची वायर सोडवून, टोक दुमडून, त्यावर टेप गुंडाळली होती. म्हणजे त्या तुकड्यात वीज नाही. इंजिन तिथं आलं की मरणार. टेप काकांच्याच पद्धतीची, शेवटी मुडपलेली, पुढच्या माणसाला सोडवायला सोपी जावी म्हणून. तिच्यावर धूळ साठली होती. आधी मी तिथल्या तिथे बसून राहिले. वर काकूंच्या बांगड्या वाजल्या तेव्हा बाहेर आले.

"काय निघालं?" संतोषने विचारलं. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की काय निघायला हवं.

काकूंनी कप खाली ठेवला. "मला येवढंच सांग पोरी. त्येच हायत का?"

वायरचा फॉल्ट आहे, एवढं म्हटलं असतं तर संध्याकाळच्या एसटीने मी सांगलीत असते. पण ज्याने इतकं नेटकं काम केलं होतं त्याला फॉल्ट म्हणणं माझ्याच्याने होईना.

"भूत नाही काकू. पण हो, काकांनीच केलंय. नवं इंजिन तीन नंबरवर येणार हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी जुन्याचाही नंबर तीन करून ठेवला. नवं पहिल्यांदा चालवलं की जुनं आपोआप बाहेर यावं, आणि घरापाशी थांबावं. आजारात केलंय, पण हात नीट होता."

"बाबा?" संतोष म्हणाला. "त्यांना तर दोन घास जात नव्हते."

काकू म्हणाल्या, "दवाखान्यात जायच्या आदी म्हनलं व्हतं मला. नवं इंजिन यील, त्याचं बारसं कर. बारशाला मी येतो. मला वाटलं, तापात बोलत्यात." त्यांनी पदराने डोळे टिपले. "वर्साच्या आत कसलं बारसं करायचं, म्हनून न्हाई केलं. आन ह्यो पोरगा तसंच चालवाय लागला."

संतोष खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. तोही रडत होता, पण त्याला वाट सापडल्यासारखी दिसली. "मग आत्ताच करू की बारसं. मॅडम हायत. मी नारळ आणतो. बाबांनी सांगितलेलं होऊन जाईल, आणि आई, मग तू मोकळी."

तो जिन्याकडे वळलाही. मला ते गप्प बसून बघता आलं असतं. पण ग्राहकाला माल काय करील आणि काय करणार नाही, हे सांगणं माझं काम आहे.

"थांबा," मी म्हटलं. "बारसं केलं की नव्याला त्याचा नंबर मिळेल. मग तीनवर हे जुनं एकटंच राहील. नवं चालवलं तर हे बाहेर येणार नाही."

"म्हंजी पुन्ना न्हाई येनार?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही तीन नंबर लावून चालवलंत तर येईल. पण ते तुम्ही चालवलेलं. आपणहून नाही."

"आन नंबर न्हाई दिला तर?"

"तर दर वेळी येईल."

काकूंनी फाटकापाशी डिझेल थांबतं त्या जागेकडे बघितलं. मग नव्या इंजिनावर बोट फिरवून धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

"नारळ नगं आनू," त्या म्हणाल्या.

"आई, बाबांनी सांगितलंय ना बारसं करायला?"

"करीन की रं. मी कुटं न्हाई म्हनलं?"

संतोष माझ्याकडे बघत राहिला. मी माझी हत्यारं आवरली. डिझेल मीच शेडमध्ये ठेवलं, दारं लावली. ते अजून कोमट होतं.

सांगलीत पोचल्यावर रफिकभाईंनी विचारलं, "तक्रार मिटली?"

"मिटली."

"नंबर दिला का नव्याला?"

"नाही. जुनाही बदलला नाही."

मी सगळं सांगितलं. ते हातातलं चाक पॉलिश करत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग आपला नियम कुठं मोडला? नाव घरच्यांनी ठेवायचं. कधी ठेवायचं, हे आपण कुठं म्हटलंय?"

वर्षश्राद्ध होऊन गेलं. बारसं झालेलं नाही. टेबल उतरलेलं नाही, काकू साताऱ्याला गेलेल्या नाहीत. संतोष शनिवारी येतो आणि नवं इंजिन चालवतो. सुरुवातीला तो नाराज होता, आता दोन दिवस सुट्टी टाकून थांबतो.

दुरुस्तीच्या धंद्यात कारण सापडलं की काम संपलं, असं मी मानत होते. आता कारण सापडल्यावर मी ग्राहकाला आधी विचारते की हे काढायचं आहे का. बहुतेक जण हो म्हणतात.

सर्व्हिसिंगला मी अजून तिथं जाते. चिपमध्ये काय आहे, काप कुठं आहे, वायर का सोडली आहे, मला सगळं ठाऊक आहे. तरी संतोषने बटण फिरवलं की आम्ही बोलायचं थांबतो. शेडच्या फटीत उजेड येतो, हॉर्न होतो, काकू चहा टाकायला खाली जातात, आणि तेवढा वेळ मी त्या टेबलाला पाठ करत नाही.