राखेने घासलेले हात

वडील सरकारी लाँचवर खलाशी होते. ते गेल्यावर त्यांची पेन्शन माझ्या आयला सुरू झाली आणि तिने बोर्लीच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणं सोडलं. उभा जन्म डोक्यावर पाटी वाहिलेली बाई. "आता कुनाफुडं हात पसरायचा न्हाय," म्हणायची. त्यात मीही आलेच. मी पालीला शाळेत शिकवते, पण दिलेल्या लेकीचा पैसा तिला चालत नाही.

दर नोव्हेंबरात ती हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायची. खिडकीतला साहेब मान वर करून म्हणायचा, "मावशी, आलात? बसा." शिक्का मारला की काम झालं. मग वर कुणाला तरी सुधारणेची उबळ आली. आता म्हणे यंत्रावर अंगठा लावायचा, तोही घरबसल्या. कुणाच्या घरी असतं असलं यंत्र, मेल्यांच्या? सेवा केंद्राच्या रांगेत दोन तास उभं राहायचं, त्याचं नाव घरबसल्या.

पहिल्या खेपेला मी सोबत होते. आदल्या दिवशी तिने शेजारणीचे बोंबील निवडून दिले होते, हातांना वास होता. मीच म्हटलं, "आय, हात नीट धू. लोक नाकं मुरडतात." शाळेत माझ्या शेजारून पोरी उठून जायच्या, ती लाज अजून माझ्या अंगात आहे. आयने चुलीतली राख घेतली, वर लिंबाची फोड, आणि बोटं सोलून निघेस्तोवर घासली.

यंत्राने अंगठा घेतला नाही. दहाही बोटं लावून झाली. केंद्रवाला मोबाइलमधून डोळे न काढता म्हणाला, "रेषाच गेल्यात आजींच्या. महिनाभर हातांना आराम द्या, मग या."

बँकेत तोच साहेब होता. "मी ओळखतो हो मावशींना," तो म्हणाला, "पण आता माझ्या ओळखण्याला अर्थ नाही." वर हसला. त्या हसण्याची मला अजून किळस येते. त्याहून जास्त माझी येते, कारण ती राख तिच्या हातात जणू मीच दिली होती.

पेन्शन थांबली. मी पैसे पाठवले, ते शेजारणीच्या हाती परत आले. हातांना आराम द्यायच्या त्या महिन्यात, चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आय पाटी घेऊन परत बाजारात बसली.

महिन्याने मी तिला बाजारातूनच उठवून केंद्रावर नेलं. हात धू म्हणायची माझी छाती झाली नाही. केंद्रवाल्याने नाकाला रुमाल लावला. या वेळी अंगठा लागला.

बाहेर आल्यावर ती घराकडे न वळता बाजाराकडे चालू लागली.

"आय, आता पेन्शन सुरू होईल ना?"

"व्हईल. पन फुडल्या साली अंगठा न्हाय लागला तर? गिऱ्हाईक तुटलं की परत येत न्हाय."

ती पाटीपाशी बसली. काय करावं कळेना, म्हणून मी अर्धा किलो बोंबील मागितले. तिने तोलून दिले. मी नोट पुढे केली, आणि आयने पहिल्यांदाच माझे पैसे घेतले.