तारप्याला पाठ

"मी आठवडाभर बारमध्ये राहायला चालले आहे," असं सांगितल्यावर आमच्या जाऊबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"कुठे म्हणालात?"

"डहाणूला. सुलभाचा बार आहे. वर घर, खाली बार."

सुलभा माझी शाळेपासूनची मैत्रीण. लग्न होऊन डहाणूला गेली, तिथे तिच्या नवऱ्याचं परमिट रूम होतं. तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि सुलभा स्वतः काउंटरवर बसू लागली. मी दारू पीत नाही, तरीही जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसून सगळ्या जातीची माणसं पाहिल्यामुळे बारला घाबरायचं कारण नव्हतं. जाऊबाईंना एवढंच म्हटलं, की जेवणसुद्धा मिळतं.

नाशिकहून एसटी निघाली. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत घाट उतरली. भातकापणी संपत आली होती. खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग, बांधावर ताडाची झाडं आणि ताडांच्या शेंड्याला लटकवलेली मडकी. कासा ओलांडलं आणि हवेत खारटपणा आला. शेजारची बाई म्हणाली, "आता चिकूच्या वाड्या लागतील," आणि खरोखर लागल्या. डहाणू रोडला उतरताना माझी पिशवी दारात अडकली आणि चिवड्याचा पुडा फुटून निम्मा चिवडा फलाटाला गेला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कावळ्यांचं पुण्य लागलं."

सुलभाचा बार स्टेशनवरून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मी कल्पना केली होती तसा अंधारा, लाल दिव्यांचा मुळीच नव्हता. खिडक्या मोठ्या, टेबलं स्वच्छ, भिंतीवर पांढऱ्या रंगातली चित्रं. नवऱ्याच्या पश्चात तिने बार असा बदलून घेतला होता. इथे बायकामुलांना घेऊन येता यावं, असं तिच्या मनात होतं. मासे धाकटी डहाणूच्या कोळीवाड्यातल्या हिराबाईकडून, भाज्या आसपासच्या पाड्यांवरून, स्वयंपाकाला सायवनकडच्या दोघी बहिणी. आणि आता नवीन बेत होता, दर शनिवारी तारपा.

तारपा (सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा जोडून केलेलं फुंकवाद्य) मी फक्त चित्रांत पाहिला होता.

"चालेल ना गं?" मी विचारलं.

"चालायलाच हवा," सुलभा म्हणाली. "किशोरभाऊंनी हॉलसाठी मोबाइल शोरूमवाला आणलाय. जागा आम्हा दोघांच्या नावावर आहे. या महिन्यात हॉल भरला नाही तर शटर त्यांच्या हातात, असं कबूल करून बसले आहे मी."

किशोरभाऊ म्हणजे तिचे धाकटे दीर. वाईट माणूस नव्हे. वहिनीच्या पायावर डोकं ठेवणारा, आणि त्याच वहिनीला व्यवहार कळत नाही असं चारचौघांत सांगणारा.

महिन्याचे दोन शनिवार उरले होते. त्यातला पहिला दुसऱ्याच दिवशी आला. सुलभाने मागच्या भिंतीशी लाकडी मंच बांधून घेतला होता, त्याला झेंडूच्या माळा. वादक देवजीकाका सायवनहून आले. उंच, हडकुळे, डोक्याला लाल रुमाल, आणि चेहऱ्यावर लग्नातल्या वरबापाचा रुबाब. त्यांनी मंच पाहिला, माळा पाहिल्या आणि खुर्चीत बसले. समोरच्या भिंतीवर टीव्हीत क्रिकेट चालू होतं. सुलभाने मोठ्या मनाने त्याचा आवाज बंद केला.

तारप्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि मी चमचा खाली ठेवला. जाड, घोंघावणारा, आणि मधे कुठेही न तुटणारा. काका नाकाने श्वास घेत होते आणि गालांनी फुंकत होते, त्यामुळे सुराला विसावाच नव्हता. गिऱ्हाइकं मात्र टीव्हीकडे तोंड करून बसली होती. कुणी चौकार मारला की हॉल ओरडायचा. काकांसमोर नुसत्या पाठीच पाठी.

थोड्या वेळाने सूर थांबला. काकांनी तारपा फडक्यात गुंडाळला, वाढलेल्या ताटाला नमस्कार केला आणि न जेवता, एक शब्द न बोलता चालू लागले. सुलभा मागे धावली, तोवर ते रिक्षात बसले होते.

"गाढवापुढे वाचली गीता," ती परत येऊन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला गिऱ्हाइकांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर काकांचाही आला. जेवणाने काय घोडं मारलं होतं?

रविवारी किशोरभाऊ गाडी घेऊन आले. "चला वहिनी, मंगलताईंना तलासरी दाखवू." दाखवायचं होतं ते वेगळंच, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तलासरीच्या पुढे हायवेने गेलं की गुजरात लागतं आणि तिकडे दारूबंदी. त्यामुळे अलीकडच्या ढाब्यांवर संध्याकाळपासूनच गाड्यांची रांग. आम्ही एका ठिकाणी बसलो. निळे-जांभळे दिवे गरगरत होते आणि स्पीकर इतका मोठा होता की टेबलावरचं पाणी थरथरत होतं. वेटरला मेनू विचारायचा तर कानाशी तोंड न्यावं लागे.

"गर्दी बघा!" किशोरभाऊ ओरडले.

"काय?" सुलभा ओरडली.

"गर्दी!"

"ऐकू येत नाही!"

तिला ऐकू येत होतं. मी ओळखते ना तिला.

परतताना रस्त्याकडेला उबाडी मिळाली (वालाच्या शेंगा आणि कंद मडक्यात भरून, मडकं पालथं घालून जाळात भाजतात). हिरव्या चटणीबरोबर ती खाताना तिघंही प्रथमच न ओरडता बोललो. किशोरभाऊ म्हणाले, "वहिनी, मी वैरी नाय तुमचा. दादा होता तवा गोष्ट वेगळी होती. तुमी एकट्या किती दिवस ओढणार?"

सुलभा म्हणाली, "ओढवत नसेल त्या दिवशी मीच सांगेन. तुम्ही आधी सांगू नका."

 मग तिघांनी उबाडी संपवली.

सोमवारी आम्ही दोघी सायवनला गेलो. कुडाच्या भिंतींचं घर, शेणाने सारवलेलं अंगण, एका बाजूला भाताची रास. देवजीकाका खाटेवर बसून तारप्याच्या जोडाला मेण लावत होते. त्यांच्या बायकोने पाण्याबरोबर ताडीही पुढे केली. सकाळची ताडी गोड असते असं मी ऐकून होते, म्हणून सरबतासारखी प्यायले. दुपार झाली होती हे लक्षात घ्यायला हवं होतं. आंबट, फसफसलेली ताडी नाकातोंडात गेली, मी ठसकले आणि काका हसले. माझ्या फजितीमुळे बोलणं तर सुरू झालं.

सुलभा सरळ मुद्द्यावर आली. "काका, का उठलात?"

"बरां नव्हता वाटत."

"खोटं. मंच केला, माळा घातल्या, टीव्हीचा आवाज बंद केला. अजून काय करायचं होतं मी?"

काकांनी मेणाचं बोट धोतराला पुसलं. "बाय, तारप्याला पाठ दावत नाय. आमच्याकडं नाचताना पोरगंसुदिक तारप्याकडं पाठ करीत नाय. वाजतो तवर तोंड त्याच्याकडं. तुमच्याकडं सगली माणसां पाठ करून बसली. मी फुंकू कोणापुढं?"

"मग सांगायचं ना तेव्हाच!"

"बोलावल्या घरात चुका काढायच्या काय?"

"आणि ताट टाकून जायचं, ते चालतं?" सुलभाचा आवाज चढला. "स्वयंपाकाच्या दोघी बहिणींनी दुपारपासून तुमच्यासाठी वेगळी भाकरी केली होती. तारप्याला पाठ दाखवायची नाही, आणि अन्नाला दाखवायची?"

काकांची बायको दारातून म्हणाली, "हां, तां चुकलास तू."  काकांनी तारपा उचलला आणि ते अंगणात उभे राहिले. बसून वाजवणं त्यांना मुळातच मंजूर नव्हतं, ते आत्ता कळलं. ते हळूहळू चालत वाजवू लागले. शेजारपाजारचे चारसहा जण आले आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून त्यांच्याभोवती फिरू लागले. काकांच्या बायकोने मला ओढलं. पाऊल चुकत होतं, पण तोंड तारप्याकडे ठेवायचं एवढं जमलं. ताडीने थोडी मदत केली असावी.

"शनिवारी येता?" सुलभाने विचारलं.

"टीव्ही?"

"काढते."

"तो लाकडाचा ओटा?"

"मोडते."

"भाकरी?"

"गरम."

"येतो मग," काका म्हणाले.

आठवडाभर आम्ही हॉल हलवत होतो. मंच फोडून त्याची फळकुटं चुलीत गेली. टीव्ही माझ्या खोलीत आला आणि मी तो चादरीखाली झाकला. सगळी टेबलं भिंतीशी लावली, मधली जागा मोकळी. किशोरभाऊ बघून म्हणाले, "निम्मी टेबलं कमी झाली. हा धंदा हाय की अंगण?" सुलभाने आणखी एक टेबल भिंतीशी सरकवलं. रात्री मला मात्र म्हणाली, "मंगल, मला भीती वाटते गं." मलाही वाटत होती. मी तिला सांगितलं नाही.

शनिवारी दिवस मावळताना काका आले. हॉल अर्धाच भरला होता. काही नेहमीची माणसं टीव्ही नाही म्हटल्यावर दारातूनच परत गेली. काका मधोमध उभे राहिले आणि सूर धरला. सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच. पण कुणी उठेना. शेवटी बोंबलाची रिकामी पाटी न्यायला आलेली हिराबाई म्हणाली, "मेल्यांनो, पाय बांधलेत काय?" तिने पाटी काउंटरवर आपटली आणि स्वयंपाकघरातल्या दोघी बहिणींना बाहेर ओढलं. तिघींची रांग फिरू लागली. मी चौथी. मग चिकूच्या वाडीचा एक म्हातारा मालक, मग एक अख्खं कुटुंब.

नाचणारा माणूस पीत नाही आणि खातही नाही, हे मला फिरता फिरता कळलं. वेटर भिंतीला टेकून उभे होते. काउंटरवर सुलभाचा चेहरा पाहिला आणि माझं पाऊल चुकलं. आपणच हिचं शटर ओढतो आहोत की काय?

मग काका दम घ्यायला थांबले. सगळे घामाघूम होऊन टेबलांवर कोसळले आणि एकच कल्ला झाला. पाणी आण, बिअर आण, बोंबील आण, मुलांना सरबत आण. स्वयंपाकघरात धांदल उडाली. काका पाटावर बसून गरम भाकरी खात होते. त्यांचं जेवण झालं, पुन्हा सूर निघाला आणि पुन्हा सगळे उठले. रस्त्यावरून जाणारी माणसं आत डोकावू लागली, काही आतच राहिली. हिराबाईचे बोंबील संपले, मग सुरमईही संपली.

अशा वेळी किशोरभाऊ आले. ते थेट काउंटरशी गेले आणि नाचाकडे पाठ करून वहिनीशी बोलू लागले. काकांनी वाजवतच त्यांच्याकडे पाहिलं. हिराबाईने रांगेतूनच आवाज दिला, "किशोर, पाठ!"

आणि किशोरभाऊ शाळेतल्या पोरासारखे गर्रकन वळले. नंतर सुलभाने सांगितलं, की लहानपणी दोघे भाऊ भातकापणीनंतर सायवनला नाचायला जायचे. धाकट्याला उचलून थोरला फिरायचा.

त्यांचा फोन वाजला. "हा, आवुं छुं" (हो, येतो), असं गुजरातीत म्हणत ते बाहेर निघाले. पण वळले नाहीत. तोंड तारप्याकडे ठेवून, एक हात मागे चाचपत, उलटी पावलं टाकत. वाटेत खुर्चीला धडकले, वेटरच्या पायावर पाय दिला, दाराची चौकट पाठीला लागली. तरी वळले नाहीत. खिडकीजवळ उभे राहून ते फोनवर मोठ्याने बोलत होते, आत ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.

"शोरूमसाठी हॉल ना, शेठ? नाय जमणार. वहिनीचा बार हाय तो."

सुलभाने तोंडाला पदर लावला. मी रांगेत होते, हात सोडवेना. तिथूनच रडले.

सोमवारी एसटीने परत निघाले. हिराबाईने सुकट बांधून दिली होती, त्या वासाने शेजारच्या प्रवाशाने जव्हारपर्यंत नाक दाबून धरलं. घरी आल्यावर जाऊबाईंनी सुकट बाल्कनीत ठेवायला लावली आणि मग तिचीच चटणी मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या वाढदिवसाला आम्ही नाशिकच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. कोपऱ्यात एक तरुण मुलगी पेटी घेऊन गात होती. गळा चांगला होता. टेबलाटेबलांवर माणसं ताटाकडे, फोनकडे, एकमेकांकडे बघत होती आणि बरेच जण तिच्याकडे पाठ करून बसले होते. मीही.

मी उठले आणि खुर्ची फिरवून बसले.

"अहो, ताट इकडे आहे!" जाऊबाई म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हटलं. "तुमचीही फिरवा."

त्या जरा कुरकुरल्या. मग त्यांनीही खुर्ची फिरवली. गाणाऱ्या मुलीने मान वर केली, आम्हा दोघींना पाहिलं आणि पुढची ओळ आमच्याकडे बघून गायली.